१२७ पैकी ६४

हेडफोन लावून रबरी पॅडवर वाजवले की कोणालाही त्रास होत नाही, या विश्वासावर मी तो इलेक्ट्रॉनिक ड्रमचा संच हप्त्यांवर घेतला. काल रात्री साडेनऊला खालच्या मजल्यावरचे काका बनियनवर दारात येऊन उभे राहिले, तेव्हा त्या विश्वासाचे सात हप्ते अजून बाकी होते.

काठीचा ठोका टेबलाच्या पायांतून थेट त्यांच्या छतात उतरत होता. मी इतक्या जोराने बडवत होतो, कारण रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये माझा कितीही त्वेषाचा फटका ६४ च्या पुढे जात नव्हता, आणि स्नेअरचा, म्हणजे संचातल्या मुख्य ड्रमचा, मधल्या जोराचा तोच ध्वनिमुद्रित नमुना वाजून वाजून सारे वादन पाढे म्हटल्यासारखे ऐकू येत होते.

काका गणिताचे निवृत्त शिक्षक. भांडण बाजूला ठेवून त्यांनी खुर्ची ओढली.

"चौसष्ट कितीपैकी?"

"एकशे सत्तावीसपैकी."

"शंभरापैकी का नाही?"

मिडीमध्ये, म्हणजे वाद्ये आणि संगणक एकमेकांशी बोलतात त्या भाषेत, ठोक्याचा जोर सात बिटांत लिहितात, म्हणून ० ते १२७, असे मी सांगितले. शून्य जोराचा ठोका आला की यंत्र तो स्वर सोडला असे समजते, हेही सांगितले.

"म्हणजे शून्य मिळालेला मुलगा परीक्षेला बसलाच नाही, असं धरतात!" काका प्रथमच हसले. "अरे, पन्नास टक्क्यांच्या वर आहेस, पास आहेस. मग आपटतोस कशाला? तपासनीस कडक असेल तर मुलाला बडवून काय उपयोग? सरसकट गुण वाढवून दे."

कुठल्या फटक्याला किती आकडा द्यायचा हे ठरवणाऱ्या, पडद्यावरच्या तिरक्या रेषेकडे त्यांनी बोट दाखवले. मी तिचा मधला भाग वर ओढला, आणि साध्या ठोक्यालाही ११० मिळू लागले. काका विजयी मुद्रेने झोपायला गेले.

खरा उपाय पॅड ज्याला जोडलेले असतात त्या डब्यातली संवेदनशीलता वाढवण्याचा होता, पण ती कुठल्या बटणामागे दडली आहे हे माहितीपुस्तिकेने मनापासून लपवले आहे. वाढीव गुणांचा फायदा 'ढ' ठोक्यांनाही झाला: मुख्य ठोक्यांच्या मध्ये कुजबुजावेत असे हलके ठोके आता ओरडू लागले, आणि टेबलाच्या हादऱ्याने शेजारचे पॅडही न मारता वाजू लागले. पहाटे दोनपर्यंत रेषेचे खालचे टोक दाबण्यात आणि वाजण्याची किमान मर्यादा वाढवण्यात गेले. गाणे तसेच राहिले.

आज सकाळी लिफ्टमध्ये काका सोसायटीच्या खजिनदारांना सांगत होते, "याचं यंत्र नापास होत होतं, मी पास केलं." मी मान डोलावली, हप्ता आजच भरायचा होता.