आजोबांच्या काट्या-चमच्यांची बाजू

दिवाळी जवळ आली की इंदूरच्या आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतो. त्याचं म्हणणं असं: काळी पडते ती चांदी भेसळीची. ती टूथपेस्टने घासावी, नाहीतर फॉइल आणि सोड्याच्या गरम पाण्यात बुडवावी. '९२५' छापाची असली तर मोडून शुद्ध घ्यावी. एरवी गुंडाळून कपाटात ठेवावी, वापरू नये. आणि चांदीत जेवलं की जंतू मरतात. (वापरायचीच नाही तर जेवायचं कशात, हे कोणी विचारत नाही.) यंदा तो वाचून माझी भाची तिच्या पणजोबांचे काटे-चमचे घेऊन थेट सराफ्यात भाव विचारून आली. म्हणून हे लिहायला बसले.

आधी काळेपणा. शुद्ध चांदीही काळी पडते. गंधकाची संयुगं तिला लागली की वर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर धरतो. आधी पिवळट, मग तपकिरी, शेवटी काळा. ज्या घरात सकाळी कांद्याचे पोहे आणि संध्याकाळी लसणाची शेव, तिथे चमचे काळवंडले तर नवल काय! अंड्यानेही तेच होतं. भेसळ ओळखायची तर रंग सोडा, दांड्याची मागची बाजू बघा. आमच्या चमच्यांवर चालता सिंह आहे, म्हणजे इंग्लंडचा स्टर्लिंगचा (९२.५ टक्के चांदीचा) ठसा. शेजारचा जहाजाचा नांगर म्हणजे चांदी बर्मिंगहॅमला तपासल्याची खूण आणि एक अक्षर वर्षाचं. 'ईपीएनएस' असं कोरलेलं असेल तर मात्र वर फक्त चांदीचा मुलामा आणि आत जर्मन सिल्व्हर. त्यात तांबं, निकेल, जस्त असतं, चांदी फक्त नावात.

'९२५' म्हणजे ९२.५ टक्के चांदी, उरलेलं ७.५ टक्के बहुधा तांबं. हे कोणी लबाडीने घातलेलं नाही. निव्वळ चांदी इतकी मऊ की काट्याचे दाते पुरीवरसुद्धा वाकायचे. मोडीत घातलं की सराफ वजन आणि टंच, म्हणजे शुद्धता, बघणार. घडणावळीचे पैसे कोणी देत नाही. भाचीला मी सांगितलं, सराफ्यात जायचंच तर रात्री जा, दुकानं मिटून खाऊगल्ली भरली की भुट्ट्याचा कीस खा आणि घरी ये.

टूथपेस्टचं दोन ओळींत. तिच्यात दातांवरचं कीट खरवडायला सिलिका किंवा खडूची पूड असते, आणि चांदी दातापेक्षा पुष्कळ मऊ. झळाळी येते ती बारीक ओरखड्यांची. रांगोळीने घासणाऱ्या काकूंनीही हे वाचावं.

फॉइल-सोड्याचा उपाय खोटा नाही, हे मान्य करायला हवं. गरम पाणी, खायचा सोडा आणि अ‍ॅल्युमिनियमला टेकलेली चांदी: गंधक अ‍ॅल्युमिनियमकडे जातो आणि चांदी जागच्या जागी परत मिळते. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्याचाच. साध्या, सपाट चमच्याला चालेल. पण नक्षीच्या खोबणीतला काळेपणा कारागिराने मुद्दाम राखलेला असतो, त्यावरच वेलबुट्टी उठून दिसते. तोही धुऊन निघतो आणि चमचा फिका, निर्जीव दिसायला लागतो. सुऱ्यांचं तर विचारूच नका. त्यांची मूठ पोकळ असते, आत राळेसारखं भरण घालून पोलादी पातं बसवलेलं. मी एकदा शहाणपणा करून सुरी उकळत्या पाण्यात ठेवली आणि पातं माझ्या हातात, मूठ पातेल्यात. तेव्हापासून सुऱ्या उभ्या धरून ओल्या फडक्यानेच पुसते.

आता कपाट. चांदी वापराने तितकी काळी पडत नाही, जितकी पडून राहिल्याने पडते. रोज हाताळलेला, धुतलेला, कोरडा केलेला चमचा पुसण्यातच लखलखीत राहतो. आमच्याकडे संच रबरबँड लावून, लोकरीच्या जुन्या शालीत गुंडाळलेला होता. रबरात गंधक, लोकरीतही गंधक. रबराच्या पट्ट्यांचे काळे वळ अजून दोन काट्यांवर आहेत. धुतलेल्या सुती कापडात, कोरड्या डब्यात ठेवावं. कोमट पाणी, सौम्य साबण किंवा रिठ्याचं पाणी, आणि लगेच पुसणं. वर्षातून एकदा चांदीचं पॉलिश पुरे.

खरा शत्रू मीठ. काळा थर पुसता येतो, मिठाने पडलेले खड्डे नाहीत. म्हणून साहेबी टेबलावर चांदीच्या मिठाच्या भांड्यात काचेची वाटी असायची. आपल्या ताटात पहिलं वाढतात ते मीठच, शेजारी लिंबाची फोड. चांदीचं ताट असलं की आजी मिठाखाली केळीच्या पानाचा तुकडा ठेवायची. आम्हाला तो थाट वाटायचा. लोणच्याचा चमचाही लोणच्यात रोवून ठेवू नये.

जंतूंबद्दल एवढंच की चांदीचे आयन जिवाणूंना मारक असतात, भाजल्यावरच्या मलमात त्यांचा उपयोग होतो. दहा मिनिटं तोंडात फिरणारा चमचा म्हणजे औषध नव्हे. आणि चांदीचं पाणी म्हणून बाटल्या विकतात, त्या नियमित पिणाऱ्यांची कातडी कायमची निळसर-राखाडी झाल्याच्या नोंदी आहेत.

भाचीने संच घरी नेला आहे. रविवारी तिच्याकडे पोहे आहेत, कांदा घालूनच. चमचे मी तिथेच पुसून देणार आहे.