खुलासा: बारकोडवरून ‘चिनी माल’ ओळखता येत नाही
मुंबईत लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात गिऱ्हाईकं सध्या दुकानदारांना एक मेसेज दाखवताहेत: बारकोड ६९० ते ६९९ने सुरू झाला तर माल चिनी, ८९० असेल तर भारतीय. हे खरं नाही. पहिले तीन आकडे जीएस१ या बारकोडचे नंबर देणाऱ्या जागतिक संस्थेच्या कोणत्या देशातल्या शाखेने कंपनीला नंबर दिला एवढंच सांगतात; जीएस१ स्वतःच तसं स्पष्ट करते. मुंबईच्या कंपनीने चीनमधल्या शेन्झेनहून बनवून आणलेल्या दिव्यांच्या माळेवरही ८९० असू शकतो.

खोका उलटून बघा. आयात मालावर मूळ देश आणि आयातदाराचं नाव-पत्ता छापणं बंधनकारक आहे.

चिनी मालावर बहिष्कार घालायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण या मेसेजपायी दुकानदाराला देशद्रोही म्हणणं फार वाईट. कृपया तो पुढे पाठवू नका.