वेताळाशी बोलू नये

मी सायकल चालवते असं सांगितलं की लोकांना कौतुक वाटतं. टेकडीवर चालवते म्हटलं की काळजी वाटते. आणि टेकडीवर घड्याळ लावून चालवते, फेरीचा वेळ कमी करायचाय म्हटलं, की ते माझ्याशी बोलायचे थांबतात आणि नवऱ्याकडे बघतात. नवरा चहाच्या कपात बघतो.

टेकडी म्हणजे पुण्याची वेताळ टेकडी. शहरातली सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. पुणं मुळातच साडेपाचशेच्या वर असल्यामुळे त्यातले बरेचसे मीटर आपल्याला घरबसल्या मिळालेले असतात. उरलेले मात्र टेकडी एकेक करून वसूल करते. माथ्यावर वेताळाचं देऊळ, एका अंगाला दगडाची जुनी खाण, आणि मधे वनखात्याने कधीकाळी लावलेलं उंदीरमारीचं रान. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं. उजाड टेकड्या झटपट हिरव्या करायला आणलं आणि मग कायमचंच राहिलं. उन्हाळ्यात त्याच्या वाळलेल्या शेंगा फट्‌ फट्‌ फुटतात. नव्या सायकलवाल्याला दर शेंगेला वाटतं, गेला टायर.

फेरी चारेक किलोमीटरची. आधी मुरमाची सरळ वाट, मग रानातली वळणं, मग देवळाकडचा चढ आणि शेवटी कातळाचा उतार. त्या उताराला आम्ही सायकलवाले आपसांत 'दातांचा दवाखाना' म्हणतो. माझा वेळ चोवीस मिनिटांपाशी येऊन ठाण मांडून बसला होता. सायकलवाले आपापले वेळ नोंदवतात त्या ॲपवर या फेरीचा जो कोणी 'डोंगराचा राजा', म्हणजे सगळ्यात वेगवान, आहे, त्याला चौदा मिनिटं लागतात. चौदा मिनिटांत माझं हेल्मेट, हातमोजे आणि गुडघ्यांचे गार्ड चढवून होतात, तेही घाई केली तर.

भाच्याने निदान केलं, "मावशी, तू उतारावर ब्रेक दाबून बसतेस. सगळा वेळ तिथे जातो." भाच्याचं वय हाडं आपोआप जुळायचं आहे, त्यामुळे त्याला उतार प्रिय. मी पडले बँकेतली. कागद घेतला आणि हिशेब मांडला. चढ एक किलोमीटर, माझा वेग ताशी ६, म्हणजे १० मिनिटं. तोच वेग ७ केला तर साडेआठ मिनिटांच्या जरासं वर. जवळजवळ दीड मिनिट वाचलं. आता उतार एक किलोमीटर धरू, वेग ताशी २०, म्हणजे ३ मिनिटं. तो थेट २४ केला तर अडीच. थोडक्यात, चढावर वेग ताशी एकाने वाढवला तर दीड मिनिट मिळतं. उतारावर चाराने वाढवला तर अर्धं मिनिट आणि प्लास्टर.

"बरोबर आहे," भाचा म्हणाला, "पण चढावर वेग वाढवायला मांड्या लागतात."

"आणि उतारावर?"

"उतारावर फक्त विश्वास लागतो."

मांड्या तयार व्हायला वेळ लागतो आणि विश्वास आमच्या घराण्यात नाही, म्हणून मी हवेपासून सुरुवात केली. आपल्या पिढीवर संस्कार असा की सायकलची हवा टम्म हवी, अंगठ्याने दाबलं तर अंगठा दुखला पाहिजे. कातळावर आणि सुट्या खडीवर हे उलटं असतं. टणक चाक दर दगडावरून उडतं. हवा कमी केली की टायर दगडाला धरून चालतो. माझे टायर रुंद आणि ट्यूबलेस. त्यात सीलंट असल्यामुळे बाभळीचा काटा शिरला तरी भोक तिथल्या तिथे बुजतं. म्हणून मी चाळीसची हवा पंचविसावर आणली. पकड खरोखरच सुधारली. वेळ मात्र वाढला. कारण त्या दिवसापासून टेकडीवरचा प्रत्येक माणूस मला थांबवून सांगू लागला, "ताई, हवा कमी आहे." एका आजोबांनी तर खाली वाकून, टायर चिमटीत धरून, मागून येणाऱ्या मंडळींना दाखवला.

मग नजर. डोंगरातल्या सायकलीचा पहिला नियम, बघाल तिकडे जाल. वाटेत धोंडा असला आणि तुम्ही 'हा धोंडा टाळायचा, हा धोंडा टाळायचा' म्हणत त्याच्याकडेच बघत राहिलात, तर सायकल आज्ञाधारकपणे त्याच्यावर जाऊन आदळते. नजर धोंड्याच्या पलीकडच्या मोकळ्या जागेवर हवी. हे मला चटकन जमलं. सासरच्या लग्नकार्यात काही ठरावीक माणसं टाळताना मी वर्षानुवर्षं हेच करत आले आहे. बाकीचं जमायला महिने गेले. ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा, वळणात नाही. वळताना बाहेरच्या बाजूचा पाय खाली दाबून धरायचा आणि कलायचं ते सायकलने, आपण नाही. उताराला सीट खाली, कोपरं बाहेर, ब्रेकवर एकच बोट. यातली कुठलीही एक गोष्ट मला उत्तम येते. दुसरी करायला गेले की पहिली सुटते.

ऋतूंचंही ऐकावं लागतं. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं, तेव्हा घड्याळ घरी ठेवलेलं बरं. दिवाळीच्या सुमाराला मुरूम दबून छान बसलेला असतो आणि त्याच सुमाराला गवताची कुसळं मोज्यांतून थेट आत येतात. त्यामुळे माणूस जोरात जातो, निदान घरी लवकर पोचावं म्हणून. मार्चनंतर तोच मुरूम सुटा होतो आणि वळणावर पुढचं चाक आपली परवानगी न घेता निघून जातं.

वेळ मोजणं हेही दिसतं तितकं सोपं नाही. मनगटावरचं घड्याळ उपग्रहांना विचारून आपण कुठे आहोत ते ठरवतं आणि त्यात चार-पाच मीटर इकडेतिकडे सहज होतात. झाडीत आणि खाणीच्या कड्याशी त्याहूनही जास्त. ताशी ६ च्या वेगाला पाच मीटर म्हणजे तीन सेकंद. म्हणजे ॲपने 'अभिनंदन, दोन सेकंदांनी सुधारणा' असं कळवलं, तर ती सुधारणा माझी की उपग्रहाची, हे कोणीच सांगू शकत नाही. एकदा नकाशावर मी खाणीच्या मधोमध, पाण्यावरून सायकल चालवत गेलेली दिसले. तो माझा आजवरचा सगळ्यात सुरेख मार्ग होता.

हे वेळेचं खूळ मात्र माझ्या एकटीचं नाही, ही खात्री मी करून घेतली आहे. २१ ऑक्टोबर १९७६ ला कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही पोरांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली एका डोंगरावर नेल्या आणि वर एक, खाली एक अशी दोन घड्याळं जुळवून एकेकाला खाली सोडलं. माउंटन बायकिंगचा पाळणा साधारण तिथेच हलला असं मानतात. त्या सायकलींना ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असायचा, पेडल उलटं दाबलं की लागणारा. तो उतरताना इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन जायचं आणि खाली आल्यावर हब उघडून नवं भरावं लागायचं. या शर्यतीचं नावच मुळी 'रीपॅक'. गॅरी फिशरने तिथला विक्रम केला, ४ मिनिटं २२ सेकंद. त्या सायकलींच्या ब्रेकमधून धूर निघायचा. माझ्या ब्रेकमधून निघतो तो आवाज, आणि तो ऐकून खालच्या बंगल्यातली कुत्री उत्तर देतात.

त्याहून जवळची गोष्ट २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकची. डोंगरातल्या सायकलींची शर्यत तिथे एलांकूरच्या टेकडीवर झाली. तिथेही पूर्वी दगडाची खाणच होती, त्यामुळे मला ती लगेच आपली वाटली. ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं चाक मध्येच पंक्चर झालं. त्याने चाक बदलून घेतलं, अर्ध्या मिनिटाहून जास्त मागे पडला आणि तरीही सगळ्यांना गाठून सुवर्णपदक जिंकला. मला त्याच्या पायांपेक्षा त्याच्या नशिबाचा हेवा वाटला. इतके हजारो प्रेक्षक दोन्ही बाजूंना उभे, पण एकानेही त्याला थांबवून 'बघा, हवा कमीच होती' असं म्हटलं नाही.

कारण माझा वेळ खरा जातो तो इथे. सकाळी सहा ते आठ टेकडीवर अर्धं पुणं असतं. कोणी रोपांना पाणी घालायला कॅन घेऊन चढत असतं, कोणी मोराच्या मागे फोन घेऊन, कोणी हास्यासाठी हात वर करून. यातले पाणी घालणारे सोडले तर बाकी सगळ्यांना गप्पा हव्या असतात. घंटी वाजवली की पुढचे दोघे दोन बाजूंना होतात, तिकडून एकमेकांकडे बघतात आणि एकत्र असलेलं बरं म्हणून पुन्हा मधे येतात. मनगटावर एवढं मोठं घड्याळ बघून लोक मला हमखास वेळ विचारतात. त्या घड्याळावर माझ्या काळजाचे ठोके दिसतात, मी किती चढले ते दिसतं. किती वाजले ते बघायला मात्र थांबून दोन बटणं दाबावी लागतात.

विक्रमाची गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. वेताळाला खांद्यावर घेऊन निघायचं, तो गोष्ट सांगून प्रश्न विचारणार, आणि राजाने उत्तर द्यायला तोंड उघडलं की वेताळ पुन्हा झाडावर. माझंही अक्षरशः हेच चाललं होतं, तेही नेमकं वेताळाच्याच टेकडीवर. फरक इतकाच की विक्रमाला उत्तर माहीत असूनही गप्प राहिलं तर डोक्याची शकलं होण्याची भीती होती. मला तशी काही भीती नाही. पण समोरचा माणूस चुकीचं बोलत असताना गप्प राहायचं, हे पुण्यात वाढलेल्या माणसाला शकलांपेक्षा जड जातं.

आणि माझा वेताळ चढावरच भेटायचा. ताशी ६ हा माझा चढावरचा वेग आहे, आणि दुर्दैवाने तोच एका काकांचा चालण्याचाही आहे. पांढरे बूट, कानटोपी, हातात काठी. काठी टेकायला नाही, मुद्दा मांडायला. चढ सुरू झाला की ते शेजारी यायचे आणि देवळापर्यंत माझ्या हँडलला समांतर चालायचे. मी धापा टाकते आहे, ते बोलत आहेत. गिअर किती? एकवीस नाहीत? पूर्वी एकवीस असायचे. पेडलपाशी एकच दातेरी चाक? मग पैसे कमी घेतले का? मी म्हणायची, "नाही हो काका, उलट," आणि त्या 'उलट'मध्ये माझा श्वास संपायचा, पाय खाली टेकायचा आणि चोवीस मिनिटांचे सव्वीस व्हायचे.

"त्यांना सांगत का नाहीस, की वेळ लावलाय म्हणून?" नवऱ्याने विचारलं. सांगितलं होतं. त्यावर त्यांनी स्वतःचं घड्याळ लावलं. देवळापाशी ते माझ्या चार सेकंद आधी पोचले आणि वर पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली.

एके सकाळी चढाच्या पहिल्या वळणावर ते म्हणाले, "एक विचारतो. समजा तुमची चोवीसची तेवीस मिनिटं झाली. तर त्या वाचलेल्या मिनिटाचं तुम्ही करणार काय?"

मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. बँकेतल्या माणसाला बचतीचं काय करणार हे सांगता येऊ नये! काका काठी वर धरून उत्तराची वाट बघत होते. माझा असा संताप झाला, थोडा त्यांचा आणि पुष्कळसा माझा, की मी काही न बोलता पेडल मारत सुटले. दुसऱ्या वळणावर काठीचा आवाज मागे पडला. घड्याळात बघितलं तर ताशी ७. देवळावरून वळून दवाखान्यात उतरले तरी डोक्यात तोच प्रश्न होता, त्यामुळे धोंड्यांकडे बघायचंच राहून गेलं आणि ब्रेक दाबायचंही. खाली घड्याळ बंद केलं : २३ मिनिटं २२ सेकंद. भाच्याने ॲपवर तीन टाळ्या आणि एक ज्वाळा पाठवली. वर विचारलं, "मावशी, नवीन टायर?"

उत्तर सुचलं दुसऱ्या दिवशी, नेमकं त्याच चढावर, मध्याच्या थोडं पुढे. आदल्या दिवसाइतकाच वेग होता, काका कितीतरी मागे. मी ब्रेक दाबले, सायकल वळवली आणि खाली त्यांच्यापाशी गेले.

"काका, ते वाचलेलं मिनिट मी तुमच्याशी बोलण्यात घालवणार."

काका काठी टेकून, ती टेकलेली मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिली, क्षणभर विचार करत राहिले. मग म्हणाले, "एका मिनिटात काय बोलणार? बसा." शेजारच्या कातळावर त्यांनी रुमालाने धूळ झटकली. खिशातून खारे दाणे निघाले. गिअरचा विषय त्यांना पहिल्यापासून नीट समजावून सांगितला, आणि तो त्यांना अजिबात पटला नाही.

घरी पोचते तोच भाच्याचा फोन. घड्याळ मी बंद केलंच नव्हतं.

"मावशी, एक तास दहा मिनिटं? खाणीत पडली होतीस का?"