गरोदरपणातील मलेरिया-प्रतिबंधक गोळ्यांबाबत खुलासा

'ताप नसताना गर्भवतीला मलेरियाच्या गोळ्या दिल्यास गर्भाला अपाय होतो', असा मजकूर सध्या फिरत आहे. तो दिशाभूल करणारा आहे.

मलेरियाचे परजीवी गर्भवतीच्या वारेत साठून राहू शकतात. अशा वेळी ताप येईलच असे नाही आणि बोटातून घेतलेल्या रक्ताच्या तपासणीतही ते अनेकदा सापडत नाहीत, मात्र आईला रक्तक्षय होऊ शकतो आणि बाळ कमी वजनाचे जन्मू शकते. म्हणूनच ज्या भागांत मलेरियाचा प्रसार मध्यम ते तीव्र आहे, विशेषतः आफ्रिकेत, तेथे ताप नसलेल्या गर्भवतींसाठीही जागतिक आरोग्य संघटना सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन या औषधाची शिफारस करते. एका मात्रेच्या तीन गोळ्या शक्यतो आरोग्य कर्मचाऱ्यासमोरच, उपाशीपोटी किंवा जेवून, कशाही घेता येतात. दोन मात्रांत किमान एक महिन्याचे अंतर हवे आणि प्रसूतीपर्यंत किमान तीन मात्रा व्हायला हव्यात.

भीतीला थोडा आधार आहे, तो पहिल्या तिमाहीपुरता: त्या काळात हे औषध देत नाहीत, सुरुवात दुसऱ्या तिमाहीत होते. एचआयव्ही असल्याने को-ट्रायमोक्साझोल (इतर संसर्ग टाळण्यासाठीचे प्रतिजैविक) घेणाऱ्या स्त्रियांनाही ते देत नाहीत. फॉलिक अॅसिड बंद करू नये, रोजची 0.4 मिलिग्रॅमची मात्रा चालते, पण 5 मिलिग्रॅमची मात्रा सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनचा परिणाम कमी करते.

गोळ्या घेतल्या तरी कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी हवीच, आणि ताप आल्यास तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी.