‘नेत्यावर तुटून पडा’ म्हणणाऱ्यांनी आधी १९७१ चं कॅलेंडर बघावं

नाशिकच्या ग्रुपांवर फिरणारा ‘उजव्या विचाराच्या विरोधी पक्षासाठी विजयाची चार सूत्रं’ हा फॉरवर्ड काल भाच्याने पाठवला. वर शेरा, ‘मामा, एकदम करेक्ट!’ भाचा बूथचं काम बघतो, उद्या हेच पोरांना शिकवेल. म्हणून हा खटाटोप.

सूत्रं अशी. एक, धोरण-बिरण सोडा, सत्तेतल्या नेत्यावर तुटून पडा. ‘सरकारने बाजारात हात घालू नये’ म्हणणारा जुना स्वतंत्र पक्ष सभ्य राहिला म्हणून १९७१ ला बांगलादेश युद्धाच्या लाटेत वाहून गेला. दोन, जाहीरनामा कोणी वाचत नाही. तीन, आपला मतदार जातो कुठे? आवाज चढवत राहा. चार, बूथ-बीथ जुनं झालं, आता सगळं मोबाईलवर.

लोकसभेची ती निवडणूक मार्च १९७१ मध्ये झाली. युद्ध सुरू झालं ३ डिसेंबरला. नऊ महिने आधीच्या मतपेटीत त्याची लाट शिरली कुठून? लाट होती, पण ती मार्च १९७२ च्या विधानसभांना. तेवढं अर्धसत्य घ्या पदरात.

आणि ‘सभ्य राहिला’ म्हणे! स्वतंत्र पक्ष, जनसंघ, संघटना काँग्रेस (काँग्रेस फुटल्यावरचा इंदिराविरोधी गट) आणि संयुक्त समाजवादी यांच्या त्या आघाडीची घोषणाच होती ‘इंदिरा हटाओ’. म्हणजे सूत्र नंबर एक तेव्हाच वापरून झालंय. समोरून उत्तर आलं ‘गरिबी हटाओ’. निकाल: इंदिरा गांधींची सत्ताधारी काँग्रेस ३५२. जनसंघ ३५ वरून २२. स्वतंत्र पक्ष, जो १९६७ ला ४४ जागा घेऊन सर्वात मोठा विरोधी पक्ष होता, तो ८ वर.

खरं दुखणं वेगळंच होतं. १९५९ मध्ये हा पक्ष उभा राहिला तो काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनातल्या सहकारी संयुक्त शेतीच्या ठरावाविरुद्ध. बांध माझा, सातबारा माझा, हे कोणत्याही शेतकऱ्याला कळतं. पुढे १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, मग संस्थानिकांना सरकारकडून मिळणाऱ्या तनख्यांवर घाव आला, आणि पक्ष दोन्हींच्या विरोधात उभा ठाकला. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयात दोन्ही वेळा सरकार हरलं. म्हणजे मुद्दा कायद्यात बसत होता. पण पारावर बसलेल्याला दिसलं काय? शेठजी आणि महाराजांची वकिली. शेतकऱ्याचा पक्ष तोंडी लावायलाही उरला नाही.

सरकारने बाजारात हात घालू नये, हाच विचार १९८० मध्ये शेतकरी नेते शरद जोशींनी आपल्याच जिल्ह्यात मांडला, तो ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ अशा भाषेत. कांदा-उसाच्या भावासाठी लोकांनी रस्ते आणि रेल्वे अडवली. (त्यांनी १९९४ ला काढलेला स्वतंत्र भारत पक्ष मतपेटीत फारसा चालला नाही, हेही मान्य. भाषा आली म्हणजे संघटना आपोआप येत नाही.)

तेव्हा निफाड-लासलगावात ‘मुक्त व्यापार’ असं छापू नका. ‘डिसेंबर २०२३ सारखी कांदा निर्यातबंदी रातोरात लादणार नाही’ असं लिहा. निर्बंध आणायचाच झाला तर किती दिवस आधी जाहीर करू आणि बंदरावर पोचलेल्या मालाचं काय, असं आकड्यानिशी छापा. ‘सरकारी खर्च कमी करू’ हे तर त्याहून घातक वाक्य. रेशनकार्डवाला त्याचा अर्थ ‘माझं धान्य जाणार’ असाच घेतो. म्हणून पहिल्या ओळीत लिहा, प्राधान्य कुटुंबाचं माणशी ५ किलो आणि अंत्योदयचं कुटुंबामागे ३५ किलो याला हात लागणार नाही. मग कोणता खर्च कापणार, त्याचं नाव. ती जागा मोकळी सोडलीत की समोरचा उमेदवार आपल्या मनाने भरतो.

दुसरं सूत्र. साठ पानी जाहीरनामा कोणी वाचत नाही, खरंय. पण उमेदवार दारात उत्तर देतो ते त्यातूनच. वॉर्डापुरता एक पाठपोट कागद पुरे. त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच, नाहीतर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-अ मागे लागतं.

तिसरं सूत्र ब्रिटनच्या हुजूर पक्षाने करून पाहिलंय. १९९७ ला १६५ जागांवर आपटले. २००१ ला ‘पौंड वाचवा’ (म्हणजे युरो चलन नको) म्हणत आपल्याच मतदारांना चेतवलं आणि मिळवल्या १६६. चार वर्षांच्या आरडाओरड्याची कमाई, एक जागा.

चौथ्यावर वेळ घालवत नाही. लोकसभा-विधानसभेला मतदान सातला असेल तर साडेपाचला अभिरूप मतदान (यंत्र तपासायचं ‘मॉक पोल’) होतं, किमान ५० मतांचं, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर. संध्याकाळी किती मतं पडली त्याचा हिशेब असलेल्या फॉर्म १७-सी ची प्रत प्रतिनिधीच्या हातात मिळते. मोजणीच्या दिवशी आकडा जुळवायला तोच कागद लागतो. भाच्याच्या बूथवर पहाटे साडेपाचला कोण बसणार आहे, ते आधी ठरू दे.