ओएसटी फाइल कट-पेस्ट करण्याआधी

सी ड्राइव्ह भरत आला की एक सल्ला हमखास फॉरवर्ड होतो: 'आउटलुक बंद करा, ओएसटी फाइल कट करून डी ड्राइव्हवर टाका, जुन्या जागी शॉर्टकट ठेवा. मेल सर्व्हरवर असतेच, काही जात नाही. आउटलुक पळायला लागतं. फाइल वनड्राइव्हमध्ये ठेवलीत तर बॅकअपही फुकट.' यातलं जेमतेम एक वाक्य अर्धं खरं आहे. (ओएसटी म्हणजे मेलची आउटलुकने तुमच्या संगणकावर ठेवलेली प्रत. हे सगळं क्लासिक आउटलुकबद्दल, म्हणजे विंडोजवरच्या जुन्या डेस्कटॉप आउटलुकबद्दल.)

आधी शॉर्टकट. ओएसटी कुठे आहे हे आउटलुक प्रोफाइलमध्ये (तुमच्या खात्यांच्या सेटिंगच्या संचात) नोंदवून ठेवतं आणि तिथेच शोधतं. साध्या शॉर्टकटला ते विचारत नाही. फाइल दिसली नाही की त्याच जागी नवी ओएसटी तयार करून सर्व्हरवरून मेल पुन्हा उतरवायला लागतं. म्हणजे सी ड्राइव्ह परत भरला आणि डी ड्राइव्हवर एक बेवारस फाइल पडून राहिली. ती डबल-क्लिक करून उघडतही नाही, कारण ओएसटी ज्या प्रोफाइलने बनवली त्याच्याशीच बांधलेली असते. पीएसटीचं, म्हणजे आउटलुकच्या स्वतंत्र साठवण-फाइलचं, तसं नाही. ती हलवून आउटलुकला नवी जागा दाखवली की चालते. दोन्ही फायलींना एकच नियम लावणं, इथेच बराच घोटाळा आहे.

'सगळं सर्व्हरवर असतं' हे एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) किंवा मायक्रोसॉफ्ट 365 च्या खात्याला बहुतांशी लागू पडतं. बहुतांशीच. आउटबॉक्समध्ये अडकलेली मेल, सिंक न झालेले बदल हे फक्त तुमच्या मशीनवर असतात. आयमॅप (सर्व्हरवरची मेल सिंक करणारी पद्धत) खात्यात धोका मोठा. आउटलुक 2013 पासून आयमॅपलाही ओएसटीच मिळते, आणि त्या खात्याखालच्या कॅलेंडर, कॉन्टॅक्ट्सपुढे 'फक्त हा संगणक' असं लिहिलेलं असतं. ते शब्दशः घ्या. ती ओएसटी गेली की ते कॅलेंडर गेलं. सर्व्हरकडे त्याची प्रत नाही. हात लावण्याआधी ते पीएसटीमध्ये एक्स्पोर्ट करा. आणि पॉप (मेल संगणकावर उतरवून घेणारी पद्धत) खात्याची पीएसटी ही तर अनेकदा मेलची एकमेव प्रत असते.

वेग? डी ड्राइव्ह फिरत्या तबकडीच्या डिस्कवर असेल, तर एसएसडीवरून तिथे फाइल नेऊन आउटलुक पळेल कसं? उलट रखडेल.

वनड्राइव्हचं म्हणाल तर, आउटलुक चालू असेपर्यंत ही फाइल सतत उघडी आणि सतत बदलती. सिंक अडखळतं. पीएसटी नेटवर्कवरच्या फोल्डरमधून वापरायला तर खुद्द मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही.

मुळात फाइल हलवायची गरज क्वचितच असते. एक्स्चेंज खात्याच्या सेटिंगमध्ये किती काळाची मेल ऑफलाइन ठेवायची याचा स्लायडर आहे. तो एका वर्षावर किंवा तीन महिन्यांवर आणा. जुनी मेल सर्व्हरवर राहते, तिथून शोधता येते. मात्र स्लायडर सरकवल्याने डिस्कवरची फाइल आपोआप आकसत नाही. त्यासाठी डेटा फाइलच्या सेटिंगमधलं 'कॉम्पॅक्ट नाऊ' चालवावं लागतं.

तरीही जागा बदलायचीच असेल तर विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या साठ्यात), आउटलुकच्या कीखाली, 'फोर्सओएसटीपाथ' (ForceOSTPath) नावाची एक्सपांडेबल स्ट्रिंग नोंद करून त्यात नवं फोल्डर द्या आणि मग नवं प्रोफाइल बनवा. ही नोंद नव्याने तयार होणाऱ्या ओएसटीलाच लागू होते, जुनी जागची हलत नाही. नवं फोल्डर मात्र कायम जोडलेल्या डिस्कवरचं हवं. आउटलुक चालू असताना यूएसबी ड्राइव्ह उपसला गेला तर फाइल खराब होऊ शकते.