जपानी चित्रातली प्रत्येक बाई गेइशा नसते

उकियो-ए, म्हणजे जपानच्या एदो काळातली (1603 ते 1868) लाकडी ठशांची रंगीत चित्रं. ती शेअर होतात तेव्हा खाली एक मजकूर हमखास असतो: 'या सगळ्या गेइशा किंवा गणिका. ओबीची, म्हणजे कमरपट्ट्याची गाठ पुढे असली की गणिका. हातात पाइप असला की नक्कीच. बाकीच्या वस्तू सजावटीपुरत्या.' यातलं एकही विधान टिकत नाही, आणि त्यापायी एदो (आजचं टोकियो) या अख्ख्या शहरातल्या साध्या बायका नजरेआड होतात.

आधी गेइशांचं, म्हणजे गाण्या-नाचण्याने मनरंजन करणाऱ्या कलावंत बायकांचं. उतामारो या चित्रकाराचं 1793 च्या सुमाराचं तीन सुंदरींचं चित्र पाहा. त्यात गेइशा एकटी तोयोहिना. ओकिता एदोतल्या असाकुसा भागाजवळच्या चहाच्या दुकानातली, तर ओहिसा तांदळाची कुरकुरीत बिस्किटं विकणाऱ्याची लेक. तिघींचे चेहरे जवळपास सारखेच. ओळख पटते कुलचिन्हांवरून: तोयोहिनाचं प्रिमरोझ फूल, ओकिताचं पॉलोनिया झाड, ओहिसाची ओक झाडाची तीन पानं. त्याच सुमारास शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी शासकाच्या, सरकारने गणिका सोडून इतर स्त्रियांची नावं चित्रांवर छापायला बंदी केली. चित्रांत गणिकाच असत्या, तर हा हुकूम काढायची गरज काय होती? उतामारोने त्यातूनही वाट काढली. एका चित्राच्या कोपऱ्यात त्याने भाजीच्या दोन जुड्या, बाण, समुद्र आणि भातशेत काढलं. या वस्तूंचे जपानी उच्चार जोडले की 'नानिवाया ओकिता' हे नाव तयार होतं.

गाठीच्या दाव्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तर तो पसरतो. गणिकांची जरतारी ओबी पुढे बांधलेली असायची, हे खरं. पण एदो काळात विवाहित आणि वयस्क बायकाही गाठ पुढे बांधत. ओबी रुंद होत गेली तशी पुढची गाठ कामात अडचणीची झाली आणि मागची गाठ रूढ झाली. गेइशा तर ओबी मागेच बांधत! काळे केलेले दातही एकट्याने काही सांगत नाहीत. विवाहित बायका दात काळे करत, योशिवारा या एदोतल्या गणिकांच्या वस्तीतल्या गणिकाही करत. दात, भुवया, बाह्यांची लांबी, केसांतल्या काट्यांची संख्या हे सगळं एकत्र पाहावं लागतं. भुवया काढलेल्या आणि दात काळे असले, तर ती बहुधा गृहिणी. लांब झुळझुळत्या बाह्या असल्या, तर बहुधा अविवाहित मुलगी.

पाइपचं थोडक्यात. अठराव्या शतकापर्यंत जपानमध्ये पुरुष-बायका, श्रीमंत-गरीब सगळेच तंबाखू ओढत. घरी आलेल्या पाहुण्यापुढे तंबाखूचं तबक ठेवणं हा साधा पाहुणचार होता. गणिका पाइप पेटवून गिऱ्हाइकाला देई हेही खरं, पण त्यावरून पाइप धरणारी प्रत्येक बाई गणिका ठरत नाही.

आणि सजावट? या दाव्याचा मला सर्वांत जास्त राग येतो. हारुनोबू या चित्रकाराची 1766 च्या सुमाराची आठ चित्रांची मालिका घ्या. चीनच्या शियाओ-शियांग परिसरातली आठ प्रसिद्ध दृश्यं त्याने घरातल्या वस्तूंतून उभी केली. ठोके देणारं घड्याळ म्हणजे देवळाची सांजघंटा. आरसा म्हणजे शरदाचा चंद्र. कोतो या तंतुवाद्याच्या तिरप्या रांगेतल्या घोड्या म्हणजे उतरणारे हंस. वाळत घातलेला टॉवेल म्हणजे परतणारी शिडं. घड्याळ तेव्हा महाग होतं, त्यामुळे ते घर श्रीमंताचं हेही कळतं. ही चित्रं घेणाऱ्यांना ती आठ दृश्यं पाठ होती. त्यांच्यासाठी घड्याळ आणि आरसा हाच चित्राचा विषय होता.